सौदामिनीच्या नासिकेचे रहस्य

मित्रहो, आज सकाळी एक निरपराध बोका माझ्या न्यायबुद्धीमुळे दूरच्या विंझर गावी हद्दपार होणार होता.

आमची खेळकर मार्जारकन्या सौदामिनी उंबरठा कधीच ओलांडत नाही. तरीही तिच्या नासिकेवर आणि हनुवटीवर वारंवार क्षुद्र जखमा प्रकट होतात. शेजारच्या हिराबाईंचा बोका खिडकीतून येऊन हे दुष्कृत्य करतो, असा निष्कर्ष मी गहन चिंतनान्ती काढला आणि त्याला टेम्पोने दूर सोडण्याचा निर्णय घोषित केला.

आज हिराबाई बोक्याला पोत्यात घालून दारात आल्या. डोळे ओले होते. "भाऊ, ह्यानंच केलं, ह्ये बगितलंय का कुणी?"

"अनुमान हेही प्रमाणच असते," मी उत्तरलो.

तत्क्षणी माजघरातून किंकाळी आली. आम्ही धावलो. तिथे अंड्यांवर बसवलेली आमची कोंबडी बांबूच्या डालग्याखाली झाकलेली आहे. त्याच्या फटीत सौदामिनीने मुख घातले होते आणि मातृत्वाने प्रक्षुब्ध कोंबडीने चोच मारली होती. सौदामिनीने नासिकेवरचे रक्त चाटले आणि मुख पुन्हा फटीत घातले.

हिराबाईंनी पोत्याची गाठ सोडली. "आता ह्यात कुणाला घालू? कोंबडीला, का तुमाला?"

प्रायश्चित्तार्थ मी बोक्यापुढे दुधाची वाटी ठेवली. त्याने तिच्याकडे दृष्टिक्षेपही केला नाही. ते दूध सौदामिनीनेच प्राशन केले.

विद्वज्जनहो, बोक्याची क्षमा कशी मागावी, हे कोणास ज्ञात आहे काय? हिराबाईही तेच विचारत आहेत.