पत्ता चुकलेलं प्रथिन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. सांगायला गेलो की भलतंच काहीतरी समजावून देत बसतो — मास्तरकीची खोड. तुमच्यापुढेही तेच होणार आहे. थोडं सहन करा.

तेलगावजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. वर्षभरातला एक तास मला जिवापाड आवडतो — तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा. पुस्तकवाले त्यांना पेशीचं ऊर्जाघर म्हणतात आणि मोकळे होतात. पण गंमत तर पुढेच आहे. या घराला लागणारी जवळजवळ सगळी प्रथिनं बाहेर तयार होतात. मग एवढ्या गर्दीतून नेमकं कोणतं आत घ्यायचं, हे कळतं कसं? तर प्रथिनाच्या सुरुवातीलाच एक छोटा तुकडा असतो, पत्त्यासारखा. दार तेवढाच वाचतं. बाकी तू कोण, कुठला, काही विचारत नाही. आणि दार इतकं अरुंद की घडी पडलेलं प्रथिन त्यात मावत नाही. ते उलगडलेलंच असावं लागतं, सुईत दोरा ओवावा तसं आत ओढलं जातं. आत गेलं की पत्ता कापून टाकायचा, घडी घालायची आणि कामाला लागायचं. कुणी शिकवलं असेल हे? मी दरवर्षी खडू हातात धरून फळ्यापुढे खुळ्यासारखा उभा राहतो. पोरं हसतात.

आणि दरवर्षी मी एक उदाहरण गाळतो. पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडलं असतं. ते उदाहरण म्हणजे माझा भाचा.

माझी थोरली बहीण, आक्का, चकलांब्याकडे दिलेली — आत्याच्याच मुलाला. तिचा ओंकार दुसरीत असताना एकाएकी पोट धरून लोळायला लागला. मुतखडा निघाला. एवढ्याशा पोराला मुतखडा? काढला, तर पुन्हा झाला. दुष्काळाचं वर्ष होतं. दाजी जनावरांबरोबर छावणीत अडकलेले. घरात शिकलेला मीच, म्हणून आक्काला आणि ओंकारला घेऊन मी पुण्याला गेलो. तपासण्या झाल्या, रक्त कुठंतरी लांब पाठवलं. पुढच्या खेपेला आक्का पोराला सोनोग्राफीला घेऊन गेली असताना डॉक्टरांनी मला आत बोलावलं. जीवशास्त्र शिकवतो म्हटल्यावर गडी खुललाच. कागद ओढून चित्रं काढायला लागला.

यकृतात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं — तेही एक प्रथिनच. ते शरीरात ऑक्झलेट साठू देत नाही. त्याचं काम पेशीतल्या दुसऱ्याच खोलीत, पेरॉक्सिसोममध्ये. ओंकारचं विकर काम करणारंच होतं. फक्त एका बारीक चुकीमुळे त्याच्या सुरुवातीला तंतुकणिकेच्या पत्त्यासारखं काहीतरी तयार झालं होतं. तेवढ्यानं बिघडत नाही म्हणे. असा अर्धामुर्धा पत्ता बऱ्याच माणसांत असतो. विकर झटकन घडी पडून मोकळं होतं, मग अरुंद दारातून जाणार कसं? पण ओंकारकडे आणखी एक चूक होती — त्याच्या विकराची घडी पडायला उशीर व्हायचा. तेवढ्या उशिरात दार त्याला आत ओढून घ्यायचं. आत ते धडधाकट, पण बिनकामाचं. तिकडे ऑक्झलेट साठत राहायचं आणि मूत्रपिंडात खडे व्हायचे.

खरं सांगू? मला आनंद झाला. पोरगं दोन दारांपलीकडे कण्हत होतं आणि मी डॉक्टरांना विचारत होतो — घडी पडायला नेमका उशीर कशामुळे? दार फसतं ते पत्त्याला की नुसत्या विद्युतभाराला? मला पुढचं, आणखी पुढचं ऐकायचं होतं. हीसुद्धा कबुलीच समजा, पण ही मोठी नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, हा दोष आई आणि बाप दोघांकडून आलाय. पोराला पाणी भरपूर पाजा, रात्री उठवूनसुद्धा. आणि ब जीवनसत्त्वाची ही गोळी कायमची, त्याने घडी सुधारते. तुम्ही शिक्षक आहात, घरच्यांना त्यांच्या भाषेत तुम्हीच समजावून सांगा.

इतका वेळ मी लांबण लावली, कारण यापुढचं जड जातंय.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं होतं. मामाची मुलगी, मंगल. मला ती फार आवडायची, आजही आवडते. आमच्या घराच्या रक्तात रोग आहे, असं मामाच्या कानावर गेलं असतं तर त्याने सोयरीक मोडली असती. मोडली असती का? कुणास ठाऊक. विचारून पाहण्याची छाती मला झाली नाही. आक्का सोनोग्राफी उरकून बाहेर आली आणि म्हणाली, "काय म्हनले रे डाक्टर? कशानं हुतंय ह्ये?"

मी म्हणालो, पाण्यानं. तुमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यानं.

आक्काच्या घरासमोर गावच्या दूध संस्थेचा बोअर होता. सभासदांनी दुधाच्या बिलातून कपात सोसून घेतलेला. आसपासचं सगळं आटलं तरी तेवढा एक चालू होता. माझा शब्द त्या गल्लीत फिरायला किती वेळ लागणार? संस्थेचे सचिव बाटलीत पाणी भरून थेट माझ्या घरी आले. "सर, तुमी शिकलेले. ह्यात काय हाय ते बघून सांगा. न्हाई तर समदी गल्ली टँकरमागं पळंल." मी ते पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं. आपल्या भागात असतं तसंच होतं, पिण्याजोगं. त्यांना म्हणालो, जरा जडच दिसतंय. ते मान हलवून गेले.

आता पोराचं काय झालं ते पाहा. डॉक्टरांनी सांगितलेलं भरपूर पाणी पाजायचं, हे मी आक्काला सांगितलं होतं. पण पाणी वाईट, हेही मीच सांगितलं होतं. दोन्ही कसं जमावं? तिने तिच्या परीने जमवलं. ओंकारसाठी गेवराईहून जार यायला लागले. जार कधी यायचा, कधी नाही. ते पाणी पुरवून पुरवून मिळायचं. लग्नाआधी निमंत्रण द्यायला गेलो होतो, बाजेवर बसलो होतो. ओंकार उन्हातून आला आणि बोअरच्या नळाला ओंजळ लावली. आक्का धावत गेली आणि त्याच्या हातावर सपकन मारलं. पाणी मातीत गेलं. तो रडला नाही, नुसता नळाकडे बघत राहिला. एक वाक्य पुरलं असतं — आक्का, पिऊ दे त्याला. मी बशीतला चहा संपवला.

लग्न झालं. मग तरी सांगायचं? मग मंगलला दिवस गेले. मग मुली लहान होत्या. दोघींची लघवी मी मंगलच्या नकळत सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आहे, स्फटिक दिसतात का म्हणून. दिसले नाहीत. तिकडे ओंकारची गोळी बंद झाली. दोष पाण्यातच आहे, तर जन्मभर गोळी कशाला, असं दाजी म्हणाले. तेव्हाही मी काही बोललो नाही.

ओंकार मिसरूड फुटलेला पोरगा झाला आणि त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आता तो डायलिसिसवर आहे, आता त्याला पाणी मोजूनच. आक्का आपलं मूत्रपिंड द्यायला निघाली. जुळलंही. डॉक्टर नवे, दवाखाना नवा. त्यांना जड पाण्याचीच गोष्ट सांगितलेली. यकृत तेच राहिलं तर आक्काचं मूत्रपिंडही खड्यांनी भरणार, हे तिथे मला एकट्याला माहीत होतं. तेव्हा मात्र मी बोललो, त्या डॉक्टरांना जुनं निदान सांगितलं. शस्त्रक्रिया थांबली. आता यकृतही बदलावं लागेल म्हणतात. मिळेल तेव्हा.

आक्का दवाखान्याच्या बाकड्यावर बसली होती. मी म्हणालो, त्या डॉक्टरांनी तेव्हाच काहीतरी सांगितलं होतं, पण मला नीट कळलं नव्हतं. हे खोटं त्या दिवशीचं, अगदी ताजं.

ती म्हणाली, "मंग ते बोअरचं पानी पेला असता तर चाललं असतं?"

"हो."

"कितीबी?"

"कितीही."

"मी मारलं रे त्याला, पान्यासाठी." आणि मग माझा चेहरा बघून माझ्याच पाठीवरून हात फिरवायला लागली. "तुला तरी कावून दोष द्यावा? तू का डाक्टर हायस? न्हाई कळलं, त्याला काय करनार."

मला कळलं होतं, आक्का. सगळं कळलं होतं.