ताईचे पुढचे चार दात

आमच्या लॅबमध्ये दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात. त्यांत प्लास्टर ओतून जबडा काढायचं काम माझं. ठशावर नाव नसतं, नुसता नंबर. त्या सकाळी असाच एक जबडा उंच धरून मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "या आजोबांनी जन्मभर लिंबं चोखलीत! पुढचे दात आतून बघा, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे झालेत."

मालक हसले. पॉलिशवाले काका हसले. ताई उठली, जबडा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "आजोबा नाहीत रे. मी आहे."

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. माझे कान तसेच झाले.

ताई म्हणजे आमची मेणवाली. कॅप बनवण्याआधी दात मेणात कोरावा लागतो, आणि तिनं कोरलेला दात शेजारी ठेवला तर खराच खोटा वाटतो. वय सव्वीस. हसताना तोंडावर हात धरायची. आम्हाला वाटायचं, नखरा. डबा खाल्ला की लगेच बेसिनकडे, नळ सोडून. आम्हाला वाटायचं, टापटीप. दिवसभर दातांत डोकं घालून बसणारी माणसं आम्ही, पण समोरचं काही दिसलं नाही.

कॉलेजपासून ती कधी उपाशी राहायची, कधी खाल्लेलं उलटून टाकायची. पोटातलं आम्ल लागून लागून दात आतून झिजले. "वर मी लगेच खसाखसा ब्रश करायचे," ती म्हणाली. "म्हणजे मऊ झालेल्यावर रंधाच."

आईला कळायच्या आत गुपचूप कॅप बसवून मोकळं व्हायचा तिचा बेत होता. डॉक्टरांनी तो मोडला. उलट्या थांबल्याशिवाय कॅप नाही. आतला दात झिजतच राहिला तर कॅप टिकणार कशावर? ताई भयंकर चिडली, कारण धंद्यातली असल्यामुळे हे खरं आहे हे तिला कळत होतं.

त्यातच ती लंगडायला लागली. ना पडली, ना धडपडली, तरी पावलातलं हाड चिरलं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी पायाच्या आधी पाळीचं विचारलं. ती कित्येक महिने आलीच नव्हती. पोटात अन्न टिकत नाही, पाळी थांबते आणि हाडं आतून विरळ होत जातात, असं बाईंनी समजावलं. सोबत गेलेल्या आईचीही तपासणी झाली. आईची हाडं लेकीपेक्षा चांगली निघाली.

दवाखान्याच्या पायरीवर बसून आई आधी रडली. मग म्हणाली, "माझी हाडं तुझ्याहून तरुण? मग तुझ्याआधी माझंच लग्न उरकू या." दोघी इतक्या हसल्या की वॉचमननं पाणी आणून दिलं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मनाच्या डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं, जेवायच्या वेळा ठरल्या. आणि मला शिक्षा ठरली. "जेवल्यावर मला जागची उठू द्यायचं नाही. तू बडबड कर. तेवढं एकच तुला बिनचूक येतं."

कधी जमलं, कधी नाही. एकदा ती माझं वाक्य अर्धं तोडून उठून गेलीच. परत आली तेव्हा डोळे लाल. "आज घसरले," म्हणाली. मी शहाणपणाचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"उपदेश नको. बडबड."

पावलातलं हाड जुळून आलं. गेलेलं सगळं परत मिळेलच असं नाही, पण या वयात हाडं अजून ऐकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला: कॅप करायला हरकत नाही.

नवा ठसा माझ्यापुढे ठेवत ताई म्हणाली, "ओत. आणि तोंड बंद."

स्वतःचे दात ती स्वतःच कोरतेय. एक किंचित तिरका ठेवलाय, मूळचा होता तसा. मालक म्हणाले, "सरळ कर की, संधी आलीय."

"नको. आरशात कुणीतरी ओळखीचं दिसू दे."

त्याच दुपारी आपला डबा संपवून तिनं माझ्या पिशवीतलं केळं न विचारता उचललं. "भूक राहिलीय. उद्या देते."

त्या केळ्यासाठी मी रोज तगादा लावतो. ती मेणातून मान वर करत नाही.