बाथरूमची भिंत फोडली तो रविवार

२०१८च्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हादरायला लागली आणि आशागडच्या माझ्या घरात बाथरूमच्या टाइल्स सुटू लागल्या. आधीच्या मालकाने जुन्या टाइल्सवरच केमिकल फासून नव्या चिकटवल्या होत्या. एका सकाळी मी आंघोळ करत असताना धक्का बसला आणि एक अख्खी टाइल माझा खांदा सोलत खाली पडली. मिस्त्री म्हणाला, "महिनाभर जमणार नाही, बाई. सगळ्यांच्याच भिंती तडकल्यात."

माझी मोठी बहीण तेव्हा माझ्याकडे येऊन राहिली होती. अच्छाडला तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं. भावजींनी तिला पट्ट्याने मारलं होतं, पाठ काळीनिळी झाली होती. मिस्त्री गेल्यावर ती म्हणाली, "छिन्नी-हातोडा आण. आपणच काढू."

रविवारी सुरुवात केली. सैल झालेल्या टाइल्स पटापट निघाल्या. बाकीच्या काही केल्या सुटेनात. छिन्नी घातली की नुसता कोपरा तुटायचा. शेवटी ताईने छिन्नी फेकली आणि हातोड्यानेच घाव घालायला लागली. कपच्या उडत होत्या. एक माझ्या गालात घुसली. तिच्या कोपरापर्यंत रक्ताचे ओघळ आले.

"ताई, हळू!"

"तू बाहेर हो."

मी बाहेर आले, तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर भावजी. मला ढकलून ते आवाजाच्या रोखाने सरळ आत गेले.

"तमाशा पुरे झाला. घरी चल."

त्यांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरफटत बाहेर आणलं. खाली सगळे तुकडे, ती अनवाणी. मी त्यांचा शर्ट धरला तर कोपराचा तडाखा तोंडावर बसला, ओठ फाटला. ताईच्या हातात हातोडा तसाच होता. तिने तो वेणी धरलेल्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते किंचाळत गुडघ्यांवर बसले. तिने हातोडा पुन्हा उचलला, या वेळी त्यांच्या डोक्यावर.

मी दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. "ताई, डोक्यात नको!"

"सोड."

क्षणभर मला खरंच सोडून द्यावंसं वाटलं. सोडलं नाही, एवढंच. तिचा हात खाली आला आणि भावजी दुखरा हात छातीशी धरून पळाले.

संध्याकाळी पोलिसांनी बोलावलं. भावजींनी आधीच तक्रार दिली होती. साहेब म्हणाले, "नवऱ्याचा हात मोडलात तुम्ही."

"हो, मोडला," ताई म्हणाली. मग महिला पोलिसाला आतल्या खोलीत नेऊन तिने पाठ दाखवली. ती बाई बाहेर आली ती साहेबांच्या समोर बसली आणि आमची तक्रार स्वतःच लिहायला लागली.

दोन्ही केस कोर्टात गेल्या. २०१९च्या पावसाळ्यानंतर भावजींनी आपली मागे घेतली आणि घटस्फोटाला कबूल झाले. ताईने मात्र आपली मागे घेतली नाही. तारखेला ते कोर्टात दिसले की मी मान फिरवायचे. ती त्यांच्याकडे सरळ बघत बसायची.