आधी नाव वाचा

कुसुम वानखेडे गेल्याचा फोन आला तेव्हा मी दात घासत होते. स्मृतिलेखाची सुरुवात अशी करू नये हे मलाही कळतं. पण पुढे दात घासायच्या ब्रशला बरंच काम आहे, म्हणून सांगून टाकलं. फोनवर तिची मुलगी मीनल होती. "मावशी, मॉम सकाळी झोपेतच..." एवढंच म्हणाली. माझ्या तोंडात फेस. मी आधी चूळ भरली, मग "येते" म्हटलं. त्याला आता महिना होईल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी आलो. दोघींचेही नवरे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. मी पुण्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि समोरच्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करणारी. कुसुम नागपूरची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. शनिवारी सुट्टी असली की मला गाडीत घालून ती आसपासच्या गावांची डाउनटाउन्स पालथी घालायची. डाउनटाउन म्हणजे काय, तर दोन सिग्नल, एक बँक आणि एक आइस्क्रीमचं दुकान. पण कुठे बँकेसमोर लोखंडी पात्यांचं काहीतरी उभं असायचं, कुठे लायब्ररीच्या काचेच्या कपाटात कुणा आजोबांनी कोरलेली लाकडी बदकं. कुसुमला ते सगळं बघायचं असे, मला कॉफी आणि बाथरूम. शिल्पापाशी गेली की ती वर बघायचीच नाही. आधी वाकून खालची पितळी पाटी शोधायची, गाडीत ठेवलेल्या जुन्या टूथब्रशने तिच्यावरचा बर्फ, पक्ष्यांची घाण साफ करायची आणि करणाऱ्याचं नाव मोठ्यांदा वाचायची. "अगं, लोक पुतळा बघायला येतात, पाटी घासायला नाही," मी म्हणायचे. "बघते नं ताई. आधी कोणी केला ते तर कळू द्या." मला वाटायचं, बिचारी इंग्रजी वाचायचा सराव करतेय. स्वतःच्या अकलेवर माझा तेव्हा फार विश्वास होता.

एका वर्षी शेजारच्या गावाच्या टाउन हॉलमध्ये हाताने शिवलेल्या क्विल्ट्सचं, म्हणजे इथल्या गोधड्यांचं, प्रदर्शन भरणार होतं. कुसुमची आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली, नातीसाठी शिवलेली गोधडी घेऊन. ती गोधडी द्यायचं कुसुमने ठरवलं. "जुन्या लुगड्यांच्या चिंध्या? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं. "गोधडी म्हणतील," कुसुम म्हणाली. खालचं कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं, इंग्रजी चांगलं ना माझं. मी वळणदार अक्षरात झोकात लिहिलं: भारतीय पारंपरिक लोककला, कारागीर अज्ञात. म्युझियममध्ये असंच लिहितात, हे मी कुठेतरी पाहिलं होतं.

दारं उघडायला अर्धा तास होता. गोधडी टांगून झाली आणि कुसुम सवयीप्रमाणे आधी खाली वाकली. वाकलेलीच राहिली... "अज्ञात," ती हळूच म्हणाली. "ताई, आईनं साऱ्या वस्तीच्या गोधड्या शिवल्या. पांघरणाऱ्यांनी कधी नाव विचारलं नाही. इथं तुझं नाव लागेल असं मी तिला सांगून ठेवलंय." तेवढ्यात म्हातारी आलीच, नऊवारीवर जावयाचं जाकीट, पायात बूट. "सुधाबाई, माझं नाव कुठं हाय? वाचा नं."

खोटं वाचता आलं असतं. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि कुसुम आईदेखत बोलली नसती. पण वाचायचं तरी काय? दर शनिवारी मी त्या बाईच्या हातचं पिठलं दोनदा मागून खाल्लं होतं, आणि मला ती फक्त 'कुसुमची आई' म्हणून माहीत होती. कुसुम माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, वाट बघत.

"मावशी," मी म्हटलं, "तुमचं नाव काय हो?"

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "इतके महिने जेवून राहिल्या, अन् नाव आज विचारून राहिल्या? लिहा, जाईबाई मेश्राम. खाली मराठीतबी लिहा. तेवढं मले वाचता येते."

मी माझी झोकदार ओळ खोडली. खोडलेल्या कार्डावर दोन्ही लिप्यांत नाव लिहिलं, जरा वाकडंच. जाईबाईंनी एकेका अक्षराखाली बोट सरकवत ते वाचलं आणि मगच मान वर करून गोधडीकडे पाहिलं. कुसुम कुणाकडून शिकली ते मला तेव्हा कळलं. त्या दिवसानंतर तिने हा विषय कधीही काढला नाही. मी मात्र पुढच्या शनिवारी कॉफी मागितली नाही, पाटीवर टॉर्च धरून उभी राहिले.

गेल्या आठवड्यात मीनल कुसुमची गाडी रिकामी करत होती. "मावशी, हा ब्रश फेकून देऊ? इट्स सो ग्रोस." मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. परवा माझी नात मला त्या बँकेसमोर घेऊन गेली. लोखंडी पाती अजून तिथेच आहेत. मी गुडघ्यांची समजूत काढत खाली बसले. "आजी, लुक अप," नात म्हणाली. "बघते गं. आधी कोणी केलं ते तर कळू दे." पाटीवर मातीचा थर होता. ब्रश नीट चालेना. त्याचे केस पार एका बाजूला झुकलेत. मग आठवलं, कुसुम डावखुरी होती. मी हात बदलला.