मावशी म्हण

ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या रविवारी धुळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीसमोर सांगितली — पण अर्धीच. उरलेली अर्धी, जी खरं तर मोठी आहे, ती आज तुम्हाला सांगते.

मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवते. महिलांच्या सभांनाही बोलावतात, कारण बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय मी बरा सांगते असं म्हणतात. मी सांगायचे — तो अध्याय जग कसं झालं याचा हिशेब नाही. देव घडवतो, नाव देतो, मग बघतो आणि म्हणतो, चांगलं आहे. उजेडानं तोवर कुणाला वाटही दाखवलेली नसते. माणूस घडतो सहाव्या दिवशी, देवाच्याच रूपात, म्हणजे त्याचा पहिला अख्खा दिवस सातवा, विसाव्याचा. काही करून दाखवायच्या आधीच तो देवाला हवासा आहे. बायका माना डोलवायच्या. मलाही भरून यायचं — खोटं नाही सांगत.

आणि माझी करुणा पिंपळनेरला होती.

जन्मताना तिचा श्वास अडकला होता. हात वळलेले, मान डुलायची, लाळ गळायची. यांची धुळ्याला बदली झाली तेव्हा आमच्या मुलाला बरोबर घेतलं आणि करुणाला माझ्या मोठ्या बहिणीकडे, अक्काकडे ठेवलं. थोडे दिवस म्हणून. अक्काला मूलबाळ नव्हतं. धुळ्यात शेजारणीनं विचारलं, किती मुलं? मी म्हटलं, एकच. हे शेजारीच उभे होते, ऐकत होते. पण बोलले मी. पुढे कुणी विचारलं की करुणा ‘अक्काची मुलगी’ व्हायची. खोटं इतकं सहज रुळतं?

इथवरचं मंडळीला सांगितलं. आता पुढचं.

एकदा पिंपळनेरला सभा होती. धुळ्याच्या दोघी माझ्याबरोबर होत्या, चहाला अक्काकडे गेलो. करुणा आठेक वर्षांची असेल. तोवर तिला एकही शब्द नीट येत नव्हता. ती भिंतीला धरत आली, माझा पदर पकडला आणि स्पष्ट म्हणाली, “आई.”

अक्कानं माझा फोटो दाखवून दाखवून शिकवलं होतं. किती महिने, मी कधी विचारलं नाही.

आणि मी — मी हसले. म्हटलं, “आई नाही गं. मावशी म्हण.” ती पुन्हा आई म्हणाली. मी तिची बोटं पदरातून सोडवली. मावशी म्हण, मावशी. मान ताणून, घामाघूम होऊन शेवटी ती म्हणाली. माझ्याबरोबरच्या दोघींना कौतुक वाटलं, भाचीला किती मायेनं शिकवते! अक्का दारात उभी होती. संध्याकाळी सभेत मी काय सांगितलं? देव नाव देतो, तेव्हा ती वस्तू आपली म्हणतो.

त्यानंतर वर्षं गेली. करुणा मोठी झाली, मी तेच सांगत राहिले. यंदा पिंपळनेरला पुन्हा तोच अध्याय सांगितला. सगळ्या गेल्यावर अक्का सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “करुणा बी देवनाच रूपनी शे ना? मंग तुले लाज कसानी वाटस?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. लाज कशाची वाटते, हे खरंच विचारत होती. मग मी दोघींना धुळ्याला घेऊन आले.

गेल्या रविवारी उपासनेनंतर उभी राहिले आणि म्हटलं, करुणा माझी मुलगी आहे. मला वाटलं होतं छप्पर कोसळेल. तसं काही झालं नाही. पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई थोडी सरकली आणि तिनं करुणाला शेजारी बसवून घेतलं. घरी आले, जेवले आणि भर दुपारी गाढ झोपले. अशी झोप कधीची लागली नव्हती. आज हे लिहितानाही छाती मोकळी वाटतेय. तसं वाटावं का, ठाऊक नाही. पण वाटतंय.

आता करुणा आणि अक्का दोघी धुळ्याला आमच्याकडेच असतात. करुणा अक्काला आई म्हणते. मला मावशी.

मी तो शब्द दुरुस्त करत नाही. ती हाक मारते, मी ओ देते — आणि आता आजूबाजूला कोण आहे, ते बघत नाही.