आपला तळ

कुवेतमध्ये रिग्गईत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका अहमदीतल्या एका तेल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. त्याआधी ते नौदलात होते. हिवाळ्यात आम्ही मराठी मंडळी वाळवंटात तंबू ठोकून पावभाजी करतो, तेव्हा गॅस सिलिंडर एका गाडीतून येतो आणि रेग्युलेटर दुसऱ्या गाडीतून, काकांच्या मांडीवर. दोघांची गाठ तंबूपाशीच पडते, तीही काकांच्याच हातून. हसू येतं खरं, पण आजवर आमच्यातलं कुणी भाजलेलं नाही.

काकांचा आदर्श एक अमेरिकन नौदल अधिकारी आहे. पहिले अणुबॉम्ब बनवणाऱ्यांपैकी तो एक. त्याची गोष्ट ते दर वर्षी सांगतात. "त्यांच्या तळावर विमानं उडतानाच कोसळत होती. बॉम्ब तयार असता तर अख्खा तळ गेला असता! हा पठ्ठ्या स्वतः विमानात बसला आणि वर गेल्यावर हाताने बॉम्बमध्ये दारू भरली. खाली एकालाही खरचटलं नाही. याला म्हणतात सेफ्टी."

यंदा आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली नवी नर्स कांदा चिरता चिरता म्हणाली, "काका, खाली म्हणजे नक्की कुठे?"

काका गोंधळले. "अगं, मी आपल्या तळाचं बोलतोय."

मग त्यांनी रेग्युलेटर बसवला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली आणि मूठभर वाळू हवेत सोडून वारा पाहिला. वारा शेजारच्या तंबूकडे वाहत होता. तिथे एक कुटुंब जेवायला बसलं होतं.

"उत्तम," काका समाधानाने म्हणाले. "पेटवा."