स्पेलिंगची धास्ती

इंग्रजीला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या थोरल्या साडूंची सर त्यांतल्या एकालाही नाही. हे गृहस्थ विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकतात, आमच्या थोरल्या मेहुणीला, म्हणजे अक्कांना, उलट उत्तर देण्याचीही छाती बाळगतात. पण 'नेसेसरी' हा शब्द लिहायची वेळ आली की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. बरं, भितो म्हणून लांब राहावं, तर तेही नाही. साताऱ्याकडल्या औंधच्या बाजूच्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर शिकवलं ते इंग्रजीच. मराठी घेऊन बी. ए. झालेला हा माणूस नोकरीवर रुजू झाला त्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, मराठीला माणूस आहे, इंग्रजीची जागा रिकामी आहे, धरा खडू. तो खडू त्यांनी निवृत्तीपर्यंत धरला, पण हाताचा घाम काही वाळला नाही.

भीतीपोटी माणूस किती हुशार होतो, ते यांच्याकडे पाहून कळावं. 'रिसीव्ह'मध्ये ई आधी की आय आधी, हे त्यांना आजतागायत ठाम माहीत नाही. म्हणून ते दोन्ही अक्षरं अगदी एकसारखी काढतात आणि टिंब बरोबर दोघांच्या मध्ये देतात. ज्याला जे वाचायचं ते त्यानं वाचावं. एकाच जागी दोन सी की एक, अशी शंका आली की त्यांना फळ्याकडे तोंड करून खोकल्याची उबळ यायची, आणि खोकता खोकता अक्षर पुसट व्हायचं. न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची तर त्यांना खरोखरची धडकी. "बोलत न्हाई, चालत न्हाई, मग तितं बसलंय कशाला? काय मनात धरून?" असं ते मला दबक्या आवाजात विचारतात. एकदा त्यांना न्यूमोनिया झाला. त्या शब्दाच्या तोंडाशीच एक पी दबा धरून बसलेला असतो हे ठाऊक असल्यानं त्यांनी रजेच्या अर्जात नुसता 'ताप' लिहिला आणि ताप उतरताच हेडमास्तरांनी त्यांना खोकत खोकत शाळेत हजर करून घेतलं. मुलांची नावं त्यांनी अमर आणि लता ठेवली, ती अक्कांना देवादिकांची नावं हवी असताना. साताऱ्यावर त्यांचा फार जीव. "तीन येळा ए, कुटं काय लपवाछपवी न्हाई. गावानं असं असावं!" उलट औंधला ते वचकून असतात, कारण तिथल्या दर पाटीवर औंध निराळं लिहिलेलं असतं.

वर्गात मात्र यातलं काही कुणाला कळलं नाही. तासाला जाण्याआधी ते शाळेच्या मुतारीमागे उभे राहून खिशातली डिक्शनरी चाळत आणि 'वेन्सडे'चं स्पेलिंग चुकू नये म्हणून 'वेड-नेस-डे, वेड-नेस-डे' असं पुटपुटत. आत शिरले की चेहरा असा, की मागच्या बाकावरची पोरंही श्वास धरून बसत. एक अक्षर चुकलं की तास संपेपर्यंत अंगठे धरून उभं राहायचं. आपली चूक कुणी शोधायला नको म्हणून हा माणूस सतत पोरांच्या चुका शोधत राहिला. हे मला त्यांनीच एकदा सांगितलं.

निवृत्तीनंतर ही धास्ती संपायला हवी होती, तर हातात मोबाइल आला. काही टाइप केलं की शब्दाखाली लाल रेघ उमटते आणि हे दचकून फोन उशीखाली ठेवतात. अशात त्यांच्या एका जुन्या बॅचनं स्नेहमेळावा ठरवला. आमच्याकडे हल्ली हे गावोगाव चालतं. पन्नाशीला टेकलेली मुलं-मुली शाळेत जमतात, गुरुजींचे पाय धुतात, घंटा वाजवतात, आणि बाकांवर दाटीवाटीनं बसून गुरुजींना पुन्हा एक तास घ्यायला लावतात. फोन आला तेव्हा साडू "येतो की!" म्हणाले आणि मग त्यांनी जेवण सोडलं. अक्कांनी मला सांगलीहून बोलावून घेतलं. साडू माझा हात धरून म्हणाले, "पावणं, आता आठवतच न्हाई ओ. पाठ केल्यालं समदं निसटाय लागलंय. त्यात डाक्टर झाल्यात, फौजेत सुभेदार झाल्यात. त्यांच्यासमोर फळ्यावर चुकलो तर जलमभर काय केलं म्हणायचं?" मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण ती भीती मलाही चढली.

मेळाव्याच्या दिवशी मीच गाडी चालवत होतो. वाटेत त्यांनी यमाईदेवीच्या डोंगराकडे हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात काही तरी मागितलं. शाळेत हार झाले, पाय धुऊन झाले, घंटा झाली. साडू वर्गात गेले, मी दाराशी उभा राहिलो. सोपे सोपे शब्द ते योजून आले होते. एवढ्यात कराडला दवाखाना असलेली एक विद्यार्थिनी उठून हसत म्हणाली, "सर, 'नेसेसरी' घ्या ना. त्याच्यापायी आख्ख्या वर्गानं अंगठं धरलं होतं!" सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. साडू फळ्याकडे वळले. दोन अक्षरं उमटली आणि खडू थांबला. टाळ्या थांबल्या. खोकलासुद्धा आला नाही. पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरून घाम उतरताना मी पाहत होतो आणि आत धावत जाऊन त्यांना बाहेर ओढावं असं मला वाटत होतं.

मग ते वळले, खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला येत न्हाई. तवाबी येत न्हवतं. तुमच्याइतकंच मला भ्या वाटायचं, पोरांनो. आत याच्या आदी हातपाय कापायचं."

कुणी तरी हसून वेळ मारून नेईल असं मला वाटलं होतं. पण खिडकीजवळच्या बाकावरून एक पांढऱ्या शर्टातला गृहस्थ उठला. नववीतच शाळा सोडलेल्यांनाही मुद्दाम बोलावलं होतं, त्यांतला हा एक; आता त्याची मोठी पोल्ट्री आहे. तो पुढे आला, साडूंच्या पायाला हात लावला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, माजं काय वाईट झालं न्हाई, देवाच्या दयेनं बरं चाललंय. पण हे तवा सांगितलं असतं, तर मी शाळा सोडली नसती ओ. मला वाटायचं, भ्या मला एकट्यालाच वाटतंय."

बाहेर जेवणाची पानं मांडली गेली, फोटोसाठी हाका आल्या, माणसं एकेक करून वर्गातून निघाली. मी आत गेलो तेव्हा आमचे साडू खिडकीजवळच्या त्या बाकावर बसले होते. शेजारी तो होता, आणि त्याचा हात ते काही केल्या सोडत नव्हते.